सर्वांना सारखा पडदा

आकुर्डी,
१३ जानेवारी २०२५

चि. वर्षाली हीस आजोबा कोंडीराम यांचा जयभीम व आशीर्वाद.

काल वाकडला तुझ्या बिऱ्हाडी येऊन गेलो. आदरातिथ्य यथोचित झाले. चहात साखर कमी होती, परंतु ती तुझे वडील समाधान यांच्या सूचनेवरून कमी असावी, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही.

समोरासमोर बोलणे आपल्याला साधत नाही. कारखान्यातील प्रेस शॉपच्या खडखडाटाने माझे कान नेले आणि तुला जन्मापासून दिसत नाही. मी लिहावे तर तू वाचू शकत नाहीस, तू बोलावेस तर मला ऐकू येत नाही. म्हणून आपला कारभार टपालावर चालतो. मोबाइलवरील मजकुरास मी पत्र समजत नाही. तुझ्यासोबत राहणारी मैत्रीण व सहकारी चि. नेहा ही हे पत्र तुला वाचून दाखवील. नेहाने मध्येच हसू नये व एकही शब्द गाळू नये.

आता मुद्दा. रविवार असूनही तुमची घरूनच शिफ्ट होती. दोघींचे पद एक आणि कामही एक: चाकणच्या कारखान्यांतले सर्व्हर वाकडला बसून सांभाळणे. नेहाच्या पडद्यावर मी रंगीत चित्रे पाहिली. हिरवी-तांबडी वर्तुळे होती, नव्या मोटारीत असतात तसे काटे होते. ती एक चित्र धरून दुसऱ्यावर नेई आणि काम होई. तुझा पडदा काळा होता. काळ्यावर पांढरी अक्षरे, आणि तू एकेक अक्षर बडवीत होतीस. मी नेहाला खुणेने विचारले. तिने कागदावर लिहून दिले, "हे नवीन आहे आबा, सगळ्यांना दिलंय. फक्त वर्षालीला नाही."

हे वाक्य मी आकुर्डीस पोहोचेपर्यंत बसमध्ये मनात घोळवीत होतो. घरी येऊन योग्य ते पाऊल उचलले आहे. तू काळजी करू नये व विचारूही नये.

कोंडीराम

*

वाकड,
१८ जानेवारी २०२५

प्रिय आबा, जयभीम.

हे पत्र मीच टाइप केले आहे, नेहाने फक्त प्रिंट काढली. अक्षर मोठे ठेवले आहे. नेहा हसली नाही असे मी लिहावे, असे तिचे म्हणणे आहे. ती हसली.

आबा, तो काळा पडदा मला कोणी उरलेसुरले म्हणून दिलेला नाही. तो मी मागून घेतला आहे. त्याला कमांड लाइन म्हणतात. मी चाकणच्या सर्व्हरला एक ओळ लिहून पाठवते: तुझ्याकडे जागा किती उरली, रात्री कोणते काम अडकले, अमुक काम बंद कर, पुन्हा चालू कर. तो अक्षरांतच उत्तर देतो. माझ्या संगणकात एक वाचक आवाज आहे, तो ते उत्तर माझ्या कानात वाचतो. तुम्ही आणि मी पत्रे लिहितो तसेच आहे हे, फक्त टपाल लवकर पोचते.

नेहाच्या चित्रांवरून तोच आवाज फिरवला, तर तो काय वाचतो ते ऐका. बटण. बटण. बटण. चित्र. बटण. कशाचे बटण, ते बनवणाऱ्याने लिहिलेलेच नाही. तांबडे वर्तुळ तांबडे आहे हे आवाजाला समजत नाही. नेहाला ते साधन आवडते आणि तिचे काम त्यात भराभर होते, त्यात काही वाईट नाही. पण माझ्यासाठी ती कोरी भिंत आहे. मी अर्ज केले. पहिले नुसते फायलीत पडले, शेवटच्यावर आमचे शेखर सर "बरं, तू वापर तुझं जुनं," असे तोंडी म्हणाले. तेवढ्यावर माझे काम चालू आहे.

आणि पाऊल कुठले उचललेत? जे उचललेत ते, कृपा करून, होते तिथेच ठेवा.

तुमची वर्षाली

*

आकुर्डी,
२३ जानेवारी २०२५

चि. वर्षाली हीस जयभीम.

तुझे पत्र पावले. दोनदा वाचले. पटले नाही.

मी कंपनीत लागलो तेव्हा कँटीनमध्ये सर्वांना काचेचे ग्लास होते. मला व आमच्या वस्तीतील आणखी दोघांना अॅल्युमिनियमचे कप होते, खिडकीत निराळे मांडून ठेवलेले. मुकादम म्हणे, "कोंडीराम, ह्यात चहा गरम ऱ्हातो. तुझ्याच सोयीचं हाय." पुढे आमच्यापैकी एकजण स्वतःच सांगू लागला की चहा खरोखर गरम राहतो. मी मात्र निवृत्त होईपर्यंत त्या कँटीनचा चहा घेतला नाही.

माणसाला वेगळे द्यायचे, आणि तेच सोयीचे आहे असे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे, ही फार जुनी रीत आहे. तू शिकलेली आहेस, म्हणून तुला ती अधिक गोड भाषेत समजावली असेल. मी चौथी पास आहे, परंतु कप मला ओळखता येतो.

लपविण्याचे कारण नाही. मी तुमच्या कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांस नोंदणीकृत टपालाने पत्र पाठविले आहे. त्यात लिहिले आहे: "माझी नात अंध आहे म्हणून तिला इतरांहून निराळे व जुनाट साधन देणे हा अपमान होय. जे सर्वांस दिले तेच तिला द्यावे. आमच्या घराण्यात कोणी उरलेले घेत नाही." शेवटचे वाक्य मला स्वतःला आवडले आहे. पोहोच आली आहे.

कोंडीराम

*

वाकड,
४ फेब्रुवारी २०२५

आबा,

तुमचे पत्र योग्य ठिकाणी पोचले. मनुष्यबळ विभागाच्या विजयश्री मॅडमनी ते सगळ्यांच्या बैठकीत मोठ्याने वाचले. त्यांचा आवाज भरून आला होता. "उरलेले घेत नाही" या वाक्याला टाळ्या पडल्या. कोणीतरी नाक ओढल्याचेही ऐकू आले. मग मॅडम म्हणाल्या की आजोबांच्या भावनेचा मान राखून वर्षालीचा अपवाद आजपासून रद्द करण्यात येत आहे. काळा पडदा सगळ्यांसाठीच बंद व्हावा असे कंपनीला कधीपासून हवे होते. एक मी तेवढी मध्ये होते.

आता मलाही सगळ्यांसारखा पडदा आहे. बटण, बटण, बटण. चाकणहून काही बिघडल्याचा निरोप येतो आणि मी हात बांधून बसते.

त्यावर उपायही त्यांनी शोधला आहे. आमच्या माणच्या ऑफिसात खाली स्वागतकक्षात एक नवी जागा केली आहे, तिचे नाव समावेशन दूत. पाहुण्यांचे स्वागत करायचे, शाळांतून भाषणे द्यायची, फोटोत उभे राहायचे. ज्या मुलीला दिसत नाही, तिचे काम आता लोकांना दिसणे. पगार कमी होणार नाही. सर्व्हरला मात्र पुन्हा हात लागणार नाही. या महिनाअखेर सही करायची आहे.

तुमच्यापुढे कप ठेवला तेव्हा तुम्हाला कोणी विचारले नव्हते. तुमच्या सोयीचे काय ते आपल्याला कळते, असे त्या मुकादमाला वाटत होते. माझ्यासाठी काय योग्य ते कंपनीला कळते असे कंपनीला वाटते. आणि तिच्याही आधी तुम्हाला वाटले. मी तुम्हाला लिहून कळवले होते, आबा. तुम्ही दोनदा वाचलेत आणि तरी मला विचारले नाहीत.

याचे उत्तर पाठवू नका. नेहाला वाचू नकोस असे सांगितले आहे.

वर्षाली

*

वाकड,
१४ फेब्रुवारी २०२५

आबा, नमस्कार.

मी नेहा. तुमची दोन पत्रं आली, ती तशीच आहेत, फोडलेली नाहीत. वर्षाली येता-जाता त्यांच्यावर हात ठेवते आणि पुढे जाते. मी तिला न सांगता लिहितेय. कळलं तर माझं काही खरं नाही.

आधी माझी चूक सांगते. त्या दिवशी मी कागदावर लिहिलं, "फक्त वर्षालीला नाही." पुढे "कारण तिला नकोय" हे लिहायला हवं होतं. तेवढ्यात तुम्ही उठलात आणि मी पेन खाली ठेवलं.

ती रोज माणला ऑफिसात येते आणि शिफ्टभर त्या पडद्यासमोर बसते. सही करत नाही. आणि आबा, तिनं कानातला हेडफोन काढून ठेवलाय, आवाज स्पीकरवर लावलाय. सगळ्या मजल्यावर दिवसभर "बटण, बटण, चित्र, बटण" चालू. शेखर सर एकदा आले, म्हणाले, "वर्षाली, आवाज कमी कर ना." ती म्हणाली, "सर, सगळ्यांना सारखं मिळायला पाहिजे." शेखर सर दार लावून बसतात आता.

पण हे फार दिवस चालणार नाही. कामात प्रगती नाही, असं तिच्या नावावर लिहायला त्यांनी सुरुवात केलीय. महिनाअखेर सही झाली नाही तर तिला काढतील, असं विजयश्री मॅडम माझ्यापाशी बोलल्या. समाधानकाका रोज फोन करून सही कर म्हणतात. ती "हो बाबा, जेवले बाबा" एवढंच बोलते.

तुम्ही काहीतरी करा असं म्हणायला लिहितेय. की काही करू नका असं म्हणायला, तेच मला कळत नाहीये.

नेहा

*

आकुर्डी,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. नेहा हीस आशीर्वाद. या पत्राची फक्त पहिली ओळ वर्षालीस ऐकवावी. पुढील मजकूर ऐकायचा किंवा नाही, हे तिने ठरवावे.

चि. वर्षाली, तू सही करू नयेस असे मला वाटते. परंतु मला काय वाटते याची दखल घेणे तुझ्यावर बंधनकारक नाही.

येथून पुढे तुझ्या परवानगीने.

परवा पेन्शनसाठी बँकेत गेलो. तेथे आता नवी पद्धत आली आहे. भिंतीवरचा भोंगा नाव पुकारतो, मग आपण उठायचे. मी बसून राहिलो. माझ्यानंतर आलेले लोक काम उरकून गेले. मी खिडकीशी गेलो, तेव्हा आतील तरुणाने कागदावर लिहून दिले, "काका, आम्ही सगळ्यांना एकाच आवाजात बोलावतो. तुम्हाला वेगळं काय करणार?" त्याचा चेहरा सज्जन होता. तो मला कमी लेखीत नव्हता. सर्वांना सारखे देत होता, आणि त्या सारखेपणात मी दुपारपर्यंत बाकावर बसलो होतो. मी त्याच्याशी भांडलो. माझे नाव पाटीवर लिहून दाखवा, असे सर्वांदेखत सांगितले. परत येताना मला तुझे बटण आठवले.

वेगळा कप आणि वेगळी पाटी यांत फरक आहे. कप मी मागितला नव्हता, पाटी मी मागितली. हे मला या वयात कळावे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, परंतु न कळणे अधिक लाजिरवाणे झाले असते.

त्या मुकादमाने माझी क्षमा कधी मागितली नाही. मी त्याच्याहून वरच्या योग्यतेचा मनुष्य आहे, म्हणून मागतो. मी तुला विचारले नाही. माझे चुकले. हे पुन्हा लिहिणार नाही, एकदाच पुरेसे स्पष्ट लिहिले आहे.

तुझे वडील माझ्याशी भांडत आहेत. काल रात्री जेवताना तो माझ्या कानाशी ओरडला, "आबा, पोरीला खुर्ची मिळतीय, बसू द्या की. तुम्ही कशाला मोडता घालताय?" हे मला अर्धे ऐकू आले, सोसायटीस पूर्ण ऐकू गेले. मी उत्तर दिले की खुर्ची मिळते तेव्हा ती कोठे मांडली आहे ते आधी पाहावे. तो ताट ठेवून उठला. तो भितो, आणि त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही भ्यालो असतो. तो वाईट नाही.

कंपनीस दुसरे पत्र लिहिण्याची माझी तयारी आहे. शब्द सुचलेले आहेत व ते तिखट आहेत. परंतु तुझ्या होकारावाचून एक ओळही पेटीत पडणार नाही.

कोंडीराम

*

वाकड,
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आबा, जयभीम.

पहिली ओळ ऐकली. मग सगळे ऐकले. मग तुमची ती बंद पत्रेही फोडायला सांगितली. त्यात तुम्ही माझ्याशी बरेच भांडला आहात, ते आता सोडून देऊ.

तिखट पत्र नको. तुमचे पत्र फार चांगले असते, हीच अडचण आहे. लोक त्यावर रडतात आणि मग मनाला येईल ते करतात.

मी सही करणार नाही, असे आज लेखी कळवले. मला वाटले काढून टाकतील. त्याऐवजी मॅडम गोड आवाजात म्हणाल्या की घाई नको, आठ मार्चला कंपनीचा वर्धापनदिन आहे, तोवर विचार कर. का ते नेहाने काढून आणले. त्या दिवशी तुम्हाला व्यासपीठावर बोलावून शाल देणार आहेत आणि तिथेच माझी नवी जागा जाहीर करणार आहेत. आजोबांच्या देखत, टाळ्या चालू असताना, ही नाही म्हणणार नाही, असा हिशेब आहे.

जायचे की नाही ते तुम्ही ठरवा. गेलात, तर माझ्याबद्दल एवढेच बोला: "माझ्या नातीच्या कामाविषयी मी तिला न विचारता लिहिले होते. ते पत्र मी परत घेतो. तिला काय हवे ते तिला विचारा." अंध असूनही किती हुशार, वगैरे काही नको. यापुढे एक शब्दही नको.

बाबांना मी फोन केला होता. ते म्हणाले, आबांना बसमध्ये एकटं सोडणार नाही.

तुमची वर्षाली

*

आकुर्डी,
१० मार्च २०२५

चि. वर्षाली हीस जयभीम.

तू शनिवारी सभागृहात होतीस, तरी जे तुला दिसले नाही ते मी लिहितो, आणि जे मला ऐकू आले नाही ते तू लिही.

त्यांनी मोटार पाठविली होती. ती रिकामी परत पाठविली. समाधान व मी बसने माणला आलो. पहिल्या रांगेत माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची होती. व्यासपीठामागील भिंतीवर पडद्याएवढा मोठा तुझा फोटो होता व त्याखाली नव्या पदाचे नाव आधीच छापलेले होते. ते पाहून समाधानने माझा दंड धरला. तोपर्यंत, मला वाटते, त्याच्या मनात अजून दोन विचार होते. नंतर एकच राहिला.

विजयश्री बाई शाल घेऊन आल्या तेव्हा मी हात आडवा केला. त्यांना वाटले की म्हाताऱ्यास समजले नाही, म्हणून त्यांनी पुन्हा शाल पुढे केली. मी पुन्हा हात आडवा केला. मग ध्वनिक्षेपक मागून घेतला आणि तू दिलेली वाक्ये उच्चारली. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो किती मोठा लागला हे सांगता येणार नाही. समोरच्या एका गृहस्थाने कान झाकले. तुझ्या परवानगीबाहेर एक शब्दही बोललो नाही, जरी सुचले पुष्कळ होते.

कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. शेखर नावाचे ते गृहस्थ विजयश्री बाईंकडे पाहू लागले, बाई त्यांच्याकडे. बाईंनी हसून पुढील कार्यक्रमाचा कागद उचलला. त्याच वेळी मागील रांगांतून तरुण मंडळी उठून उभी राहू लागली. का, ते मला कळले नाही. मग शेखर खाली उतरून ध्वनिक्षेपक घेऊन तुझ्याकडे गेले.

तू उभी राहिलीस. तुझे ओठ हलले. फार वेळ नाही. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा लावला, कोणीतरी त्यांच्या हाती मोबाइल दिला, आणि त्या त्यातून काही वाचू लागल्या. वाचून होताच त्या बसल्या. तू आधीच बसली होतीस.

तू काय बोललीस? समाधानला विचारले, तर त्याने लिहून दिले नाही, नुसते डोळे पुसले, ज्याचा मला काही उपयोग नाही. नेहा सांगू पाहत होती. तिला मी थांबविले. ते मला तुझ्याकडूनच हवे आहे.

कोंडीराम

*

वाकड,
१८ मार्च २०२५

प्रिय आबा, जयभीम.

मागच्या रांगांतली मुले का उभी राहिली ते आधी सांगते. मॅडम म्हणाल्या, "आजोबा भावुक झालेत, आपण पुढे जाऊ या." त्यावर माझ्या मजल्यावरच्या सिद्धेशने मागून ओरडून सांगितले, "मॅडम, ते विचारा म्हणाले ना, मग विचारा की." मग बाकीचे उठले. महिनाभर माझे बटण-बटण ऐकून ती पोरे कंटाळली होती, हेही त्यात असेल.

शेखर सरांनी माइक माझ्या हातात दिला आणि विचारले, "वर्षाली, तुला काय हवंय?"

मी म्हणाले, "मॅडम, आबांचं पत्र तुम्ही सगळ्यांपुढे वाचलंत. माझे अर्ज वर्षभर तुमच्या मेलमध्ये पडून आहेत. त्यातला एक वाचा. तेवढ्याच मोठ्याने."

एवढेच बोलले, आबा. बाकीचे मॅडमनी वाचले. त्यात लिहिले होते की चाकणचे सर्व्हर कमांड लाइनने सांभाळण्याची परवानगी मला लेखी मिळावी. चित्रांचे साधन माझ्या वाचक आवाजाला वाचता येत नाही. ते वाचता येण्यासारखे कराल, तेव्हा दोन्हींपैकी काय वापरायचे ते मी ठरवीन. बस. मॅडमचा आवाज या वेळी भरून आला नाही, आणि कोणी नाक ओढले नाही. त्यात रडण्यासारखे काही नव्हतेच.

परवानगी काल मिळाली. लेखी. आज सकाळी चाकणला पहिली ओळ पाठवली आणि उत्तर आले. मध्यंतरी नेहाने माझी यंत्रे नीट सांभाळली होती, दोन ठिकाणी तर माझ्याहून बरी. तिला हे वाचून दाखवायला लावणार आहे.

विजयश्री मॅडम आता माझ्याशी बोलत नाहीत. सभागृहातला माझा तो मोठा फोटो अजून काढलेला नाही. परवानगीच्या कागदावर शेवटी बारीक अक्षरात आहे, "सहा महिन्यांनी पुनर्विचार करण्यात येईल." नेहा ते वाचताना अडखळली. बाबाही फोनवर त्याबद्दलच विचारत होते.

करू देत पुनर्विचार. त्या दिवशीही मी याच खुर्चीवर असेन, आणि मला विचारल्याशिवाय त्यांना तो करता येणार नाही.

तुमची वर्षाली